जेलरोडचं आमचं ब्रॉडबँड: नेट चांगलंय, पण ग्राहकाचा नंबर सांभाळत नाहीत

दीड वर्ष झालं आमच्याकडे लोकल ऑपरेटरचं फायबर कनेक्शन आहे. आम्ही नाशिकरोडला जेलरोड भागात राहतो. ऑपरेटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मी जे लिहिणार आहे ते बऱ्याच गल्लीतल्या बऱ्याच ऑपरेटरांकडे असंच चालतं, आणि वाचून कुणी आपल्या घरचा राउटर जरी तपासला तरी मला बरं वाटेल. कनेक्शन घेताना लोक फक्त विचारतात स्पीड किती आणि महिन्याचे किती, आम्हीपण तेच विचारलं होतं.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा, ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे महिन्याला ७०७ रुपये पडतात, आम्ही सहा महिन्यांचे एकदम भरतो. लॅनची वायर लावून स्पीड बघितला की डाउनलोड आणि अपलोड दोन्ही ९४-९५ येतो, वायफायवर आतल्या खोलीत ४०-५० मिळतो, भिंती जाड आहेत आमच्या त्यामुळे त्याची तक्रार नाही. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १२ एमबीची फाइल उतरते, १०० एमबीची नाही, आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा यावरून ऑपरेटरशी भांडून आला होता म्हणून सांगतेय.) मिस्टरांचं घरून काम असतं, दिवसभर व्हिडिओ मीटिंगा, रात्री मुलाचा अभ्यास आणि आईंची मालिका सगळं एकाच वेळी चालतं, अडकत नाही. ऑपरेटर भाऊ स्वतः फोन उचलतात. रात्री दहाला पण उचलतात. मोठ्या कंपनीत एक दाबा दोन दाबा करत बसावं लागतं त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नेट जातं कधी कधी. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, जेसीबीने केबल तुटते, त्यात बिचाऱ्यांचा दोष नाही. राउटरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला की समजायचं फायबर तुटलीय, राउटर बंदचालू करून काही होत नाही, सरळ फोन करायचा.

आता पॉलिसीचं. लेखी काहीच मिळालं नाही. कनेक्शन घेताना आधार घेतलं, फोटो घेतला, टॅबवर सही घेतली, १५०० डिपॉझिट घेतलं डब्याचं, त्याची पावती मागितली तर म्हणे व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ती आली नाही. प्लॅनच्या कागदावर "अनलिमिटेड" लिहिलंय पण १००० जीबी झाल्यावर स्पीड ५ वर येतो हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं, सुट्टीत भाचे आले होते तेव्हा. मोठ्या कंपन्यांच्या अनलिमिटेडलापण ३३०० जीबीची मर्यादा असते ते नंतर समजलं, पण निदान त्यांच्या अटींमध्ये छापलेलं असतं. हे सगळं मी सोडून दिलं असतं. पंधराशे रुपयांसाठी कोण एवढं लिहीत बसतं.

मी लिहितेय ते त्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे.

ऑपरेटरचा ग्राहकांचा एक ग्रुप होता, २४७ जण त्यात. कनेक्शन झालं की त्याच दिवशी अॅड करायचे, विचारायचे नाहीत. ग्रुपची लिंक दुकानाच्या काउंटरवर क्यूआर छापून लावलेली, जाणारा येणारा कुणीही स्कॅन करून आत येऊ शकत होता. प्लॅन संपत आला की बिलाची पीडीएफ त्याच ग्रुपवर टाकायचे, त्यात नाव, पत्ता, कस्टमर आयडी, प्लॅन, शेवटची तारीख सगळं. मीपण बघायचे ती बिलं, कुणाचं संपलं कुणाचं नाही, आणि मला कधी वाटलं नाही की माझंपण २४६ लोक बघतायत.

दुसरी गोष्ट म्हणजे वायफायचा पासवर्ड. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने वायफायला आमचं आडनाव दिलं आणि पासवर्ड म्हणून मिस्टरांचा मोबाइल नंबर टाकला, म्हणाला लक्षात राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये नंतर विचारलं, दहापैकी आठ घरांत असंच. म्हणजे ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो, वायफायच्या नावात आडनाव दिसतं, आणि नंबर हाच पासवर्ड. गल्लीतल्या कुणालाही कुणाच्याही वायफायला लागता येत होतं, काही हॅकिंग वगैरे करायची गरजच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी सकाळपासून नेट बंद होतं. ऑपरेटरने ग्रुपवर टाकलं, फायबर कट आहे, काम चालू आहे, दुपारपर्यंत येईल. साडेअकराच्या सुमारास बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना फोन आला. बाबा ७१ वर्षांचे आहेत, प्रेसमधून रिटायर झालेत, हिशेबाला एकदम पक्के, आयुष्यभर एका रुपयाची फसवणूक झाली नाही त्यांची. फोनवाला मराठीतच बोलत होता. "काका, तुमचं नेट सकाळपासून बंद आहे ना? तुमची केवायसी अपडेट नाहीये म्हणून बंद झालंय, संध्याकाळपर्यंत केली नाही तर कनेक्शन कायमचं कट होईल." मग त्याने नाव सांगितलं, कस्टमर आयडी सांगितला, प्लॅन सांगितला. सगळं बरोबर. आता नेट खरंच बंद आहे, आयडी खरा आहे, माणूस गोड बोलतोय, कुणाचाही विश्वास बसेल हो. बाबांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही आणि घरात कुणाला म्हणू दिलं नाही.

त्याने मोबाइल डेटा चालू करायला सांगितला, एक "सपोर्ट"चं अॅप घ्यायला लावलं, त्यातला नंबर वाचून घेतला. ते अॅप म्हणजे समोरच्याला आपला स्क्रीन दाखवणारं. मग म्हणाला कनेक्शन परत चालू करायला १० रुपये भरा, कार्डाची माहिती टाका, ओटीपी आला तर मला सांगायची पण गरज नाही काका, तुम्ही नुसतं बघा. सांगायची गरज नव्हतीच, त्याला दिसत होता ना. दोन वेळा पैसे गेले, १९,५०० आणि २४,०००.

मी शाळेत होते. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "अगं, दहा रुपये म्हणाला होता गं तो." एवढंच दोनदा म्हणाले. मी त्यांना आधी मोबाइलचा डेटा बंद करायला सांगितलं, ते अॅप काढायला सांगितलं, स्टाफरूममधूनच बँकेच्या नंबरवर कार्ड ब्लॉक केलं आणि लगेच १९३० लावला. हा १९३० सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, पैसे गेले असतील तर पहिला फोन इथे. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी विचारलं ते सांगते म्हणजे कुणाला वेळ आलीच तर हाताशी असेल: कुठली बँक, खाते नंबर, कार्डाने गेले की यूपीआयने, किती वाजता, किती रक्कम आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहाराचा नंबर. तो मेसेज घाबरून डिलीट करू नका. मग तक्रारीचा नंबर एसएमएसने येतो आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर जाऊन बाकीची माहिती, स्क्रीनशॉट वगैरे भरायचे. आम्ही संध्याकाळी पोलिस स्टेशनलापण जाऊन आलो.

पैसे गेल्यापासून फोनपर्यंत साधारण ४० मिनिटं गेली होती. २४,००० पुढच्या खात्यातच होल्ड झाले, ते कागदपत्रं, अर्ज, हेलपाटे करून साडेतीन महिन्यांनी परत मिळाले. १९,५०० गेले ते गेले. बँकेत सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, ग्राहकाच्या हातून ओटीपी वगैरे गेला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून "उद्या जाऊन बघू" असं अजिबात करू नका, संध्याकाळपर्यंत पण थांबू नका.

तो फोनवाला ग्रुपमधूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण नेट बंद असल्याचं, कस्टमर आयडी आणि प्लॅन हे तिन्ही एका ठिकाणी फक्त त्या ग्रुपवर होतं. मी ऑपरेटर भाऊंना हे सांगायला दुकानात गेले तर ते आधी म्हणाले, "मॅडम, असे फोन सगळीकडे येतात, आम्ही काय करणार." मला खूप वाईट वाटलं. राग पण आला. आमचं आधार घेतलंय तुम्ही, पत्ता घेतलाय, आमच्या दारातून वायर आत आणलीय, मग आमची माहिती चव्हाट्यावर पडणार नाही एवढं बघणं हे तुमचं काम नाही का? ग्राहकाकडून माहिती घेणाऱ्याने ती जपायची, हे आता कायद्यातपण आहे, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा त्यासाठीच झालाय.

मला सगळ्यात जास्त मदत कुणी केली तर त्यांच्याच लाइनमनने. तो दादा त्याच दिवशी चारला फायबर जोडायला आला होता. जिन्यात बसून त्याने वायरचं वरचं कव्हर सोललं, आतली केसासारखी काच पुसून कापली, नवीन कनेक्टर लावला, सिग्नल मोजायचं मीटर लावून बघितलं तर उणे २१ आलं. म्हणाला उणे २७ च्या खाली गेलं की नेट तडफडतं, तुमचं मस्त आहे. लाल दिवा गेला, लाइन जोडली गेल्याचा पॉनचा हिरवा दिवा स्थिर झाला. तो निघणार तेवढ्यात त्याने बाबांचा चेहरा बघितला आणि विचारलं काय झालं. सांगितलं तर बूट काढून आत आला, लॅपटॉप मागितला आणि जमिनीवर बसला.

ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, आमचा राउटर उघडला. युजर अॅडमिन, पासवर्ड पण अॅडमिन, फॅक्टरीतून आला तसा. आत जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते, त्यात १४ होते. आम्ही घरातले मोजले, चार मोबाइल, दोन लॅपटॉप, टीव्ही, टॅब आणि दारावरचा कॅमेरा, नऊ झाले. उरलेले पाच कुणाचे? अजून माहीत नाही. फुकट नेट वापरलं याचं मला एवढं नाही, पण कनेक्शन मिस्टरांच्या नावावर आहे, त्या पाचातल्या कुणी काही उद्योग केला असता तर नोंदीत आमचं नाव निघालं असतं आणि चौकशीला पोलिस आमच्या दारात आले असते. दादा म्हणाला ताई, हे रोज बघतो मी, पण आम्हाला घर गाठायची घाई असते आणि कुणी विचारत पण नाही.

मग त्याने एकेक केलं आणि मला करताना दाखवलं. अॅडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायचं नाव बदललं, आडनाव काढलं. पासवर्ड लांब ठेवला, चार साधे मराठी शब्द आणि मध्ये आकडे, आईंनापण पाठ होईल असा. सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, डब्ल्यूपीए२ प्रकारची होती ती तशीच ठेवली, राउटर नवीन असेल तर डब्ल्यूपीए३ पण मिळतं. डब्ल्यूपीएस म्हणून एक बटण असतं, पासवर्डशिवाय जोडायचं, ते बंद केलं. बाहेरून राउटर उघडता येणारी रिमोटची सोय चालू होती, ती बंद करायच्या आधी त्याने ऑफिसला फोन करून विचारलं, लागत नाही म्हणाले, बंद केली. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय काढलं आणि टीव्ही अन् कॅमेरा पण त्यावरच टाकले, कारण ही असली यंत्रं लवकर फुटतात आणि त्यांच्यातून आपल्या लॅपटॉपपर्यंत कुणी यायला नको. कॅमेऱ्याचा पासवर्डही कंपनीचाच होता, तो मी बदलला. वीस-पंचवीस मिनिटं लागली सगळ्याला. एवढी वीस मिनिटं पहिल्या दिवशी दिली असती तर.

मुलासाठी मिस्टरांनी नंतर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदललं, १.१.१.३ टाकलं, हे क्लाउडफ्लेअरचं फॅमिलीसाठीचं फुकट आहे, घाण साइट आणि व्हायरसवाल्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत. कुणी सांगितलं की याने सगळं सुरक्षित होतं तर विश्वास ठेवू नका, मोबाइल डेटावर गेला की हे लागू होत नाही. मुलगा सातवीत आहे, गेममध्ये फुकट डायमंड देणारी लिंक त्याला कुणीतरी चॅटवर पाठवली होती, आजोबांचं झाल्यावर त्याने ती आपणहून मला दाखवली. बाबांनी त्याला समोर बसवून स्वतःचं सगळं सांगितलं होतं, काय काय बोलला तो माणूस, कुठे मला शंका आली होती आणि तरी मी पुढे कसा गेलो. आमच्या घरात हे बोलणं झालं त्याचा फरक कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त पडला.

ऑपरेटरचं पुढे काय झालं ते सांगते, कारण तक्रार कशी करायची हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोकल ऑपरेटर हा बहुतेक वेळा फ्रँचायझी असतो, लायसन दुसऱ्याच कंपनीचं असतं, बिलावर तिचं नाव असतं. मी त्या कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार केली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर घेतला, तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. तिथे दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. लोक सरळ ट्रायला (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) लिहितात पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, आधी कंपनीतच जावं लागतं. मी अपील केलं, ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडले. दोन आठवड्यांत ऑपरेटर भाऊंचा फोन आला, या वेळी आवाज वेगळा होता.

पहिल्यांदा त्यांनी ग्रुप फक्त अॅडमिन बोलेल असा केला. मी म्हटलं भाऊ, त्याने काही होत नाही, नंबर तर दिसतायतच. मग आमच्या शाळेत पालकांसाठी करतो तशी ब्रॉडकास्ट लिस्ट मी त्यांना दुकानात बसून करून दाखवली, त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, २५६ जणांची मर्यादा असते आणि यांचे २४७ होते, बसले सगळे. अट एकच, ज्याने ऑपरेटरचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. ते बरंच आहे, सगळ्यांच्या फोनमध्ये त्यांचा खरा नंबर सेव्ह झाला, आता दुसऱ्या नंबरवरून कुणी त्यांच्या नावाने फोन केला तर लगेच कळतं. पहिला मेसेज त्यांनी असा टाकला: आम्ही फोनवर केवायसी, ओटीपी, कार्ड नंबर कधीच मागत नाही, कुठलंही अॅप टाकायला सांगत नाही, पैसे फक्त दुकानात किंवा कंपनीच्या अॅपवर. हा मेसेज त्यांनी स्वतः लिहिला, मी सांगितला नव्हता, आणि त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. काउंटरवरचा क्यूआर पण काढला.

नवीन कनेक्शनला अजूनही मोबाइल नंबरच पासवर्ड टाकतायत. मागच्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावर कनेक्शन आलं, मी जाऊन बघितलं, तेच. मी स्वतः बदलून दिला. डिपॉझिटची पावती मात्र आता छापील देतात.

दोन महिन्यांपूर्वी बाबांना परत फोन आला, या वेळी ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार म्हणून. ट्राय असे फोन करतच नाही, त्यांनी स्वतः हे जाहीर केलेलं आहे. बाबांनी एक शब्द न बोलता फोन ठेवला, नंबर वहीत लिहून ठेवला आणि मी घरी आल्यावर दोघांनी मिळून सरकारच्या संचार साथी साइटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे तो टाकला. पैसे गेले नसतील, नुसता संशयाचा फोन असेल तर तिथे द्यायचा, गेले असतील तर १९३०.

रेटिंग द्यायचं तर स्पीडला पाच, लाइनमन दादाला पाच, ऑपरेटरच्या पॉलिसीला दोन, आणि तो दुसरा पॉइंट त्या ब्रॉडकास्टच्या मेसेजसाठी. कनेक्शन बदलायचा विचार केला होता पण दुसऱ्या दोन ऑपरेटरांकडे जाऊन आले, दोघांकडे तसाच ग्रुप. मागच्या आठवड्यात प्लॅन संपला तेव्हा सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचेच पैसे भरले. बिल या वेळी फक्त मिस्टरांच्या नंबरवर आलं, कस्टमर आयडीचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेले होते.